एप्समला डर्बी बघायला जाताय? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मार्च-एप्रिल आला की ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे निरोप सुरू होतात. कुणाचा मुलगा लंडनला शिकायला आहे, कुणी जूनमध्ये मुलीकडे चाललंय, तर कुणी मुंबईच्या महालक्ष्मीला आयुष्यभर घोड्यांची रेस बघितली आहे आणि एकदा इंग्लंडमधली 'मूळची' डर्बी डोळ्यांनी बघायची आहे. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. तिकिटांचे दर आणि रेसच्या वेळा दरवर्षी बदलतात. त्या जाण्याआधी रेसकोर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा.

एप्सम नेमकं कुठे आहे? डर्बी तर डर्बी शहरात होत असेल ना?

नाही, आणि हा गोंधळ महागात पडू शकतो. डर्बी शहर इंग्लंडच्या मध्यभागी आहे, लंडनहून सुमारे दोनशे किलोमीटर. रेसचा त्या शहराशी संबंध नाही. ती होते एप्सम डाउन्सवर, सरे परगण्यात, लंडनच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर. रेसला नाव मिळालं ते अर्ल ऑफ डर्बी या सरदाराचं. 'डाउन्स' म्हणजे खडूच्या खडकावरच्या गवताळ टेकड्या. आपल्या औषधांच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट याच गावच्या कडू पाण्याच्या झऱ्यावरून ओळखलं जातं. रेस सुरू होण्याच्या कितीतरी आधी लोक ते पाणी प्यायला इथे येत.

उच्चार 'डर्बी' की 'डार्बी'?

इंग्लंडमध्ये 'डार्बी'. मराठीत बोलताना मी 'डर्बी'च म्हणतो, आपल्याकडे तेच रुळलंय. तिकडे कुणाला रस्ता विचारताना मात्र 'डार्बी' म्हणा.

डर्बी कधी असते?

जूनच्या पहिल्या शनिवारी. १९९५ पासून हा शनिवार ठरलेला आहे, त्याआधी बहुतेक वर्षं ती बुधवारी असायची. आदल्या दिवशी, शुक्रवारी, 'ओक्स' होते. ती फक्त तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे तरुण घोडींची रेस. अपवाद २०२० चा: महामारीमुळे दोन्ही रेस ४ जुलैला, एकाच दिवशी, प्रेक्षकांविना झाल्या. महायुद्धांच्या काळात (१९१५ ते १९१८ आणि १९४० ते १९४५) डर्बी एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली.

या रेसचं एवढं काय कौतुक? आपल्या महालक्ष्मीलाही डर्बी होतेच की.

होते, आणि ती याच रेसची लेक आहे. अर्ल ऑफ डर्बीच्या एप्समजवळच्या 'द ओक्स' या घरी जमलेल्या मंडळींनी १७७८ मध्ये फिलींची एक रेस ठरवली आणि ती १७७९ मध्ये पहिल्यांदा झाली. तिला घराचं नाव मिळालं. पुढच्या वर्षी, ४ मे १७८० ला, कोल्ट (तरुण नर) आणि फिली दोघांसाठी दुसरी रेस झाली. तिला अर्लचं नाव द्यायचं की त्याचा मित्र सर चार्ल्स बनबरी याचं, हे नाणं उडवून ठरवलं अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पहिली डर्बी जिंकली ती बनबरीच्या डायोमेडने, एवढं नक्की. सुरुवातीला अंतर एक मैल होतं, १७८४ पासून दीड मैल झालं.

इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली आणि पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने जिंकली. आपल्याकडच्या गिनीज, ओक्स, सेंट लेजर ही सगळी रेसची नावं इंग्लंडहूनच आली. म्हणून महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलेल्या माणसाला एप्समला गेल्यावर आजोळी आल्यासारखं वाटतं. मला तरी वाटलं.

महालक्ष्मीच्या कोर्समध्ये आणि एप्सममध्ये फरक काय?

खूप. आणि माझ्या मते हे समजून घेतल्याशिवाय डर्बी बघण्यात अर्थ नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

महालक्ष्मीला घोडे उजव्या हाताला वळत धावतात आणि जमीन सपाट आहे. एप्समला ते डावीकडे वळतात आणि कोर्स पूर्ण गोल नाही, घोड्याच्या नालेसारखा आहे. सुरुवात स्टँडपासून दूर, समोरच्या बाजूला होते. निघाल्यापासून जवळजवळ अर्धं अंतर चढच चढ, सुमारे चाळीस मीटर. तिथून मग उतार, आणि त्या उतारावरच टॅटनहॅम कॉर्नर हे डावीकडचं जोरदार वळण. वेगात असलेला तरुण घोडा उतारावर वळताना पाय कसा टाकतो, यावर डर्बी ठरते. पुढच्या पायांवर भार आला, तोल बिघडला, की तो बाहेर फेकला जातो किंवा त्याची लय मोडते. वळणानंतर शेवटची सरळ धाव सुमारे सातशे मीटरची. पण सरळ म्हणायची फक्त नावाला, कारण तिथली जमीन आतल्या कठड्याकडे तिरकी कललेली आहे. दमलेला घोडा आपोआप त्या उतरत्या बाजूला सरकत जातो आणि जॉकीला त्याला रेटतही न्यायचं असतं आणि सरळही ठेवायचं असतं. त्यात अगदी शेवटी परत थोडा चढ.

मोठमोठे घोडे इथे हरले ते ताकद कमी पडली म्हणून नव्हे. ही जमीन त्यांना मानवली नाही. आणि १९८१ मध्ये शेरगर इथे दहा लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला तेव्हा जमीन त्याच्यासाठी सपाट झाल्यासारखी वाटत होती. कोर्सवरचा वेळेचा विक्रम वर्कफोर्सचा आहे, २०१० मध्ये, २ मिनिटं ३१.३३ सेकंद.

जमलं तर रेस सुरू होण्यापूर्वी किंवा आदल्या दिवशी कोर्सच्या कडेने टॅटनहॅम कॉर्नरपर्यंत चालत जा. टीव्हीवर हा उतार कधीच कळत नाही. पायांना मात्र लगेच कळतो.

तिकीट न काढता डर्बी बघता येते असं ऐकलं. खरं का?

हो, आणि डर्बीची ही गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. कोर्सच्या मधोमध जी टेकडी आहे तिला 'द हिल' म्हणतात. डाउन्सवर लोकांना पायी फिरण्याचा हक्क कायद्याने आहे, १९८४ च्या स्वतंत्र कायद्यात तो नोंदवलेला आहे. त्यामुळे पायी येणाऱ्याला हिलवर फुकट उभं राहून डर्बी बघण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समोर स्टँडमध्ये लांब टोप्या घातलेले लोक आणि इकडे चादर अंथरून सँडविच खाणारी कुटुंबं, जत्रेतले पाळणे, हात बघून भविष्य सांगणाऱ्या रोमानी बायका, आणि कठड्याला लागून उघड्या टपाच्या दुमजली बसची रांग. एखाद्या गावच्या यात्रेला आल्यासारखंच वाटतं.

गाडी आणलीत तर पार्किंगचे पैसे पडतात. सुरक्षेच्या आणि प्रवेशाच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची हिलची व्यवस्था आधी बघून ठेवा.

मग पैसे देऊन स्टँडचं तिकीट काढावं तरी का?

घोडे जवळून बघायचे असतील तर. हिलवरून तुम्हाला पॅडॉक मिळत नाही. रेसआधी घोडे हातात धरून गोल फिरवतात, जॉकी चढतात, ट्रेनर शेवटचे दोन शब्द सांगतो, हे सगळं स्टँडच्या बाजूला होतं. ज्याला घोड्याचा घाम, कान, चाल बघून अंदाज बांधायची सवय आहे त्याने तिकीट काढावं. ज्याला वातावरण आणि कठड्यालगतचा टापांचा आवाज हवा आहे त्याने हिलवर जावं. जमिनीचा कल हिलच्या बाजूला असल्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरात घोडे अनेकदा तुमच्याच दिशेने सरकत येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी शुक्रवारी ओक्सला स्टँडमध्ये आणि शनिवारी हिलवर असं सुचवतो. शुक्रवारी गर्दी कमी असते.

ट्रेनने कसं जायचं? तीन स्टेशनं दिसतात.

तिन्ही बरोबर आहेत, पण सारखी नाहीत.

टॅटनहॅम कॉर्नर: लंडन ब्रिजच्या बाजूने येणाऱ्यांसाठी, ईस्ट क्रॉयडनवरून. कोर्सच्या अगदी जवळ, त्या प्रसिद्ध वळणापाशीच. हिलवर जायचं तर हेच घ्या.

एप्सम डाउन्स: व्हिक्टोरियाच्या बाजूने, सटनवरून. इथूनही चालत जाता येतं.

एप्सम: गावातलं मुख्य स्टेशन, वॉटर्लू आणि व्हिक्टोरिया दोन्हीकडून गाड्या. कोर्स इथून अडीचेक किलोमीटर आणि सगळा चढ. रेसच्या दिवशी बस सोडतात.

पहिली दोन लंडनच्या झोन ६ मध्ये येतात, ऑयस्टर किंवा बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं. परतीच्या गर्दीबद्दल एकच सांगतो: डर्बी संपल्या संपल्या स्टेशनकडे धावू नका. डर्बीनंतरही रेस असतात, त्या बघा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

कपडे काय घालायचे? साडी चालेल का?

हिलवर काहीही चालतं. स्टँडमध्ये नीटनेटके कपडे पुरतात, अलीकडे नियम बरेच सैल केले आहेत. कडक नियम राहिला तो डर्बीच्या दिवशी क्वीन एलिझाबेथ द सेकंड स्टँडसाठी: पुरुषांनी मॉर्निंग कोट (मागे लांब शेपटीचा औपचारिक कोट), वेस्टकोट आणि उंच टोपी. तिथेही परदेशी पाहुण्यांना आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख करायची मुभा असते. साडी तर उत्तमच. पैठणी नेसून गेलेल्या बाईला तिथे कुणी अडवत नाही, उलट फोटो मागतात. फक्त दोन गोष्टी: डाउन्स उघड्यावर आहेत, वारा पदर जागेवर ठेवत नाही, तेव्हा पिना जास्त लावा. आणि टोकदार टाचेच्या चपला गवतात रुततात.

आत गंजी-स्वेटर आणि वरून पावसाचं जाकीट, हे जून असूनही हवंच. इंग्लंडचा उन्हाळा आपल्या महाबळेश्वरच्या ऑक्टोबरसारखा धरून चला.

रेस बघायला व्हिसा वेगळा लागतो का?

नाही. भारतीय पासपोर्टवर साधा पर्यटकांचा व्हिजिटर व्हिसा पुरतो, बोटांचे ठसे मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतात. काही देशांच्या नागरिकांना नुसती ऑनलाइन परवानगी पुरते, ती सोय भारतीय पासपोर्टला नाही. जूनसाठी मार्च-एप्रिलमध्येच अर्ज करा.

लहान मुलांना नेता येतं का?

येतं, आणि न्यावंच. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर साधारणपणे तिकीट नसतं, पण काही खास स्टँडचे नियम वेगळे असतात. मुलांना पैसे लावता येत नाहीत, त्यांच्या वतीने तुम्ही लावलेलेही मुलांच्या हातून काउंटरवर देऊ नका.

पैसे कसे लावायचे? पाच-एक, अकरा-चार हे भाव कसे वाचायचे?

दोन मार्ग आहेत. बुकी उभे असतात, ते त्या क्षणाचा भाव देतात आणि तोच तुमचा पक्का. दुसरा टोट, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून शेवटी वाटप. महालक्ष्मी-पुण्याला टोट बघितली असेल त्याला नवीन काही नाही.

भाव अपूर्णांकात वाचायचा. ५/१ म्हणजे एका पौंडाला पाच. २ पौंड लावले तर १० जिंकले आणि आपले २ परत, हाती १२. ११/४ म्हणजे चाराला अकरा: ४ लावले तर हाती १५. ४/६ उलटा, म्हणजे घोडा हमखास मानला जातोय: ६ लावले तर ४ मिळतात, हाती १०. 'ईव्हन्स' म्हणजे जेवढ्यास तेवढे.

जिंकलेल्या पैशांवर ब्रिटनमध्ये पैसे लावणाऱ्याकडून कर घेत नाहीत, तो २००१ मध्ये रद्द झाला. वयाची अट अठरा. बरेच बुकी कार्ड घेतात, पण थोडी रोकड असू द्या. आणि घरून निघतानाच आजचा आकडा ठरवून तेवढेच वेगळ्या पाकिटात ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि स्वतःही पाळतो.

'ईच-वे' म्हणजे काय? पाच पौंड म्हटल्यावर बुकीने दहा का घेतले?

कारण ईच-वे म्हणजे दोन बेट्स: पाच विनचे (घोडा पहिला येण्यावर), पाच प्लेसचे (तो पहिल्या काहींत येण्यावर). डर्बीसारख्या रेसमध्ये आठ किंवा जास्त घोडे असले तर साधारणपणे पहिले तीन प्लेस धरतात आणि प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा मिळतो. समजा १०/१ चा घोडा, ५ पौंड ईच-वे. जिंकला तर विनचे ५५ आणि प्लेसचे १५, एकूण ७०. तिसरा आला तर फक्त १५. पाच ते सात घोडे असतील तर दोनच प्लेस, पाचाहून कमी असतील तर प्लेस नाहीच. बुकीच्या फळ्यावर अटी लिहिलेल्या असतात, पैसे देण्याआधी त्या वाचा.

मी लावलेला घोडा धावलाच नाही तर? आणि जिंकूनही कमी पैसे मिळाले, असं का?

त्या दिवशी लावलेले पैसे घोडा निघाला नाही तर परत मिळतात. आठवडे-महिने आधी लावलेल्या 'अँटे-पोस्ट' बेटचे मात्र साधारणपणे मिळत नाहीत, भाव मोठा असतो तो याच जोखमीमुळे.

कमी पैशांचं कारण बहुधा 'रूल फोर'. तुम्ही भाव घेतल्यावर दुसरा एखादा घोडा मागे घेतला तर रेस सोपी झाली असं धरून जिंकलेल्या रकमेतून ठरावीक कपात होते. मागे घेतलेला घोडा जितका फेव्हरिट, कपात तितकी मोठी. दुसरं कारण 'डेड हीट': दोन घोडे बरोबरीत आले तर तुमची अर्धीच रक्कम जिंकल्याचं धरतात.

डर्बीत मादी धावू शकते का?

शकते, ओक्स सोडून डर्बीत उतरवायला मालक मात्र क्वचितच तयार होतात. शेवटची जिंकलेली फिली फिफिनेला, १९१६. पण ती डर्बी युद्धामुळे न्यूमार्केटला झाली होती (वर 'डर्बी कधी असते' बघा). खुद्द एप्समवर जिंकलेली शेवटची टॅगली, १९१२. खच्ची केलेल्या घोड्यांना मात्र डर्बी बंद आहे. मुळात पुढच्या पिढ्यांचे बाप निवडण्याची ही परीक्षा आहे.

यात घोडे उड्या मारतात का? खूप घोडे पडतात असं वाचलं होतं.

ते लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरचं ग्रँड नॅशनल. एप्समला अडथळे नाहीत, सपाट शर्यत, म्हणजे 'फ्लॅट'. चाबकाचे नियमही कडक आहेत: फ्लॅट रेसमध्ये जॉकीला सहाच फटके, आणि फार जास्त मारले तर जिंकलेला घोडाही बाद होतो.

भारतीय मालकाच्या घोड्याने कधी डर्बी जिंकली आहे?

हो. १९३४ मध्ये राजपिपल्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडने. जॉकी चार्ली स्मर्क. एप्समवर आपला घोडा जिंकताना उभं राहण्याचं भाग्य त्या वर्षी त्यांना मिळालं.

मराठी माणसाने आठवावा असा दुसरा घोडा म्हणजे सयाजीराव. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये त्याला २८,००० गिनींना विकत घेतलं, तेव्हाची ती विक्रमी किंमत होती, आणि आजोबांचं नाव दिलं. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. १९४७ च्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. त्याच वर्षी डॉन्कास्टरला सेंट लेजर मात्र त्याने जिंकली. इंग्लंडच्या रेसकार्डावर, इंग्रज निवेदकांच्या तोंडी 'सयाजीराव' हे नाव, तेही १९४७ साली. मला त्याचं आजही भरून येतं.

टॅटनहॅम कॉर्नरला एक स्मृतिफलक आहे म्हणे. कुणाचा?

एमिली डेव्हिसन यांचा. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून लढणाऱ्या. ४ जून १९१३ च्या डर्बीत त्या कठड्याखालून कोर्सवर आल्या आणि राजे पंचम जॉर्ज यांचा घोडा अ‍ॅनमर त्यांच्यावर आदळला. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना जीव द्यायचा होता की घोड्याला झेंडा अडकवायचा होता यावर अजून चर्चा चालते. फलक २०१३ मध्ये लावला. एप्सम गावातल्या बाजारचौकात २०२१ पासून त्यांचा बाकावर बसलेला पुतळाही आहे. गावातून चालत जाणार असाल तर दोन मिनिटं तिथे थांबा.

जूनमध्ये जमत नाही. इतर वेळी गेलं तर काही बघायला मिळतं का?

मिळतं. एप्रिलपासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत इथे अधूनमधून रेस असतात, स्वस्त आणि निवांत. रेस नसली तरी डाउन्सवर फिरायला कुणी अडवत नाही. सकाळी लवकर गेलात तर आजूबाजूच्या पागांतले घोडे सराव करताना दिसतात. दुपारपर्यंत सरावाच्या पट्ट्यांवर पाऊल ठेवू नका, कुत्रा बरोबर असेल तर दोरीला बांधा, आणि घोडा येताना दिसला की जागच्या जागी शांत उभे राहा.

एकट्यानेच जायचं आहे आणि वेळ एकाच दिवसाचा आहे: एप्सम की रॉयल अ‍ॅस्कट?

अ‍ॅस्कटचा रेसकोर्स राणी अ‍ॅनने १७११ मध्ये सुरू केला, तिथलं रॉयल अ‍ॅस्कट जूनमध्ये पाच दिवस चालतं, रोज राजघराण्याच्या बग्ग्या येतात. टोप्या, थाट आणि पाच दिवस दर्जेदार रेस बघायच्या असतील तर अ‍ॅस्कट. पण ज्याने महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या कठड्याला हात टेकून डर्बी बघितली आहे त्याने एप्समलाच जावं. सकाळी टॅटनहॅम कॉर्नरला उतरा, वळणापाशी उभे राहून उतार बघा, मग हिलवर जागा धरा. डब्यात थेपले किंवा पुरी-भाजी न्या, काचेच्या बाटल्या मात्र नकोत.